1930च्या दशकातली फ्रेंच रेसिंग विमानं एवढ्याशा इंजिनावर इतकी वेगात कशी जायची? आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) मॉडेलसाठी त्यातलं कोणतं निवडावं?

एका शब्दात: ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध. तो कमी ठेवला म्हणून. पण एवढ्यावर थांबवत नाही, कारण कॉदराँ सी.460 या विमानावर मी इंजिनिअरिंगला सेमिनार दिला होता आणि परीक्षकांनी मला भर वर्गात खोटं पाडलं होतं.

मी फळ्यावर त्या विमानाच्या रातिए प्रोपेलरची आकृती काढत होतो. उड्डाणाआधी हबमधल्या (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागातल्या) फुग्यात सायकलच्या पंपाने हवा भरायची, म्हणजे पाती टेक-ऑफसाठी कमी कोनात राहतात. विमानाने वेग घेतला की नाकावरची चकती वाऱ्याने आत दाबली जाते, झडप उघडते, हवा निघून जाते आणि पाती जास्त कोनात फिरतात. एकदाच! पुन्हा कमी कोन हवा तर खाली उतरा आणि पंप मारा. सर म्हणाले, “विमान आहे की पंक्चरचं दुकान?” वर्ग खिदळला, माझे मार्क गेले. अहो, पण रेसच्या एका टप्प्यात टेक-ऑफ एकदाच असतो, मग जास्तीची यंत्रणा वाहायची कशाला? सरांचं पालुपद एकच: वेग हवा तर हॉर्सपॉवर वाढवा.

सी.460चा डिझायनर मार्सेल रिफारला ती मुभाच नव्हती. कुप डॉइच या फ्रान्समधल्या विमानशर्यतीत इंजिन 8 लिटरच्या आतलं हवं. त्याने रेनोचं उलटं बसवलेलं, एकामागे एक सहा सिलिंडरचं इंजिन घेतलं. त्यामुळे नाक चिंचोळं झालं. लाकडी बांधणी, छोटे पातळ पंख, कॉकपिट पार मागे. 25 डिसेंबर 1934ला इस्त्र इथे रेमों देल्मोतने ताशी 505.848 किलोमीटर गाठले. जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचा तो जागतिक विक्रम होता. 1936मध्ये मिशेल देत्रोयाने लॉस एंजेलिसला विमानशर्यतींच्या ग्रीव्ह आणि थॉम्प्सन दोन्ही ट्रॉफ्या मारल्या, तेही मोठ्या रेडियल (गोलाकार मांडलेल्या सिलिंडरच्या) इंजिनवाल्यांच्या घरात घुसून.

तेव्हा मॉडेल सी.460चंच करा. कोणी “मोठी मोटर टाक” म्हणालं तर ऐकू नका, आधी पंख आणि धड जुळतात तिथे पॉलिशपेपर घासा.

हां, विक्रमाच्या वेळचं इंजिन स्पर्धेच्या मर्यादेपेक्षा मोठं होतं, हे सांगायला हवं. शिवाय याच घराण्यातलं सी.714 हे लढाऊ विमान 1940मध्ये पोलिश वैमानिकांच्या हाती आलं, तेव्हा चढाईत फारच कमी पडलं. तिथे हॉर्सपॉवर हवीच होती. पण माझा सेमिनार लढाऊ विमानांवर नव्हता.