काडतूस कोणतं भरू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात लायसन्स रिन्यू करण्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की काडतुसांबद्दल काही शंका असतील तर कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. नाशिक शहर, निफाड, दिंडोरी, सिन्नर, सगळीकडून आली आणि बहुतेकांचं विचारणं एकच, की प्रॅक्टिसला कोणतं, घरी भरून ठेवायला कोणतं आणि मळ्यात किंवा डोंगरात जाताना कोणतं. त्यातली सहा इथे घेतोय.

प्रश्न : सर, माझ्याकडे वडिलांचं ३२ बोअरचं रिव्हॉल्वर आहे, लायसन्स आता माझ्या नावावर झालंय. काडतुसं १०-१२ वर्षांपूर्वीची आहेत, चामडी पट्ट्यात लावलेली, दिसायला चांगली आहेत. ती प्रॅक्टिसला संपवू का तशीच राहू देऊ? – द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

दादा, आधी ती पट्ट्यातून बाहेर काढा, आजच काढा. चामडं कमावताना जे काही वापरतात ते पितळेला खातं, वर आपल्याकडचा पावसाळा. पट्ट्याच्या कप्प्यात जो भाग झाकलेला असतो तिथे हिरवट थर धरतो आणि तो बाहेरून दिसतच नाही. एकेक काडतूस काढून उजेडात फिरवून बघा. हिरवं पडलेलं, चीर गेलेलं, पिचकलेलं, किंवा बोटाने हलवलं तर पुढची गोळी हलतेय असं एकही वापरायचं नाही. आणि ती कचऱ्यात किंवा विहिरीत टाकू नका, लायसन्सवरच्या हिशोबात ती मोजली जातात. डीलरकडे नाहीतर पोलीस स्टेशनला रीतसर जमा करा आणि पोच घ्या.

आता असं का सांगतोय ते ऐका. काही वर्षांपूर्वी रेंजवर एक काका आले होते, साठीच्या पुढचे, त्यांचीही अशीच पट्ट्यातली काडतुसं. पहिली दोन व्यवस्थित वाजली. तिसऱ्याला नुसता फुस्स असा आवाज आला, हाताला धक्का नाही, समोर कागदावर भोक नाही. काकांना वाटलं गोळी लांबून गेली असेल, त्यांचं बोट परत ट्रिगरवर गेलं, मी मनगट धरलं आणि ओरडलो थांबा म्हणून. रिव्हॉल्वर रिकामं करून नळीत पितळी सळई घातली तर अर्ध्यातच अडकली, कारण गोळी आतच बसलेली होती. दारू सर्दली होती, गोळी नळीत ढकलली गेली पण बाहेर पडण्याइतका जोर नव्हता. मागून चौथी मारली असती तर नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि काकांची बोटं तिथेच होती.

म्हणून हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आवाज कमी आला की लगेच थांबायचं, हत्यार खाली करून रिकामं करायचं, नळी तपासायची, मगच पुढे. आणि काहीच वाजलं नाही तर नळी समोरच धरून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण कधीकधी प्राइमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टिकली, उशिरा पेटतो.

जी चांगली निघतील ती रेंजवर संपवा. घरी भरायला नवीन बॉक्स घ्या. प्रॅक्टिसचं काडतूस आणि घरचं काडतूस वेगवेगळं हवं का, तर आपल्या ३२ रिव्हॉल्वरसाठी माझं सरळ मत आहे की एकाच मेकचं, एकाच लॉटचं, म्हणजे एकाच खेपेत बनलेलं घ्या. तुम्ही ज्याने सराव केला तेच घरात असलं की हाताला धक्का ओळखीचा असतो आणि गोळी कुठे लागते ते माहीत असतं. आपल्याकडे बहुतेकांकडे खडकीच्या फॅक्टरीची काडतुसं असतात, बुडावर केएफ लिहिलेलं असतं, ही फॅक्टरी १८६९ पासूनची आहे. नवीन बॉक्स आला की त्यातली १०-१२ रेंजवर मारून बघा, सगळी नीट वाजली तर उरलेली घरी, मूळ बॉक्समध्येच, कोरड्या कपाटात, कुलपात. आणि तेलाचा स्प्रे काडतुसावर मारू नका, पातळ तेल प्राइमरमध्ये झिरपतं. हत्यार पुसायचं, काडतूस कोरडंच ठेवायचं.

प्रश्न : वडिलांचं ३२ रिव्हॉल्वर होतं, मी आता ३२ पिस्तूल घेतलंय. दोन्ही ३२ च, मग वडिलांची उरलेली काडतुसं पिस्तुलात चालतील ना? – सिडको, नाशिक

अजिबात नाही. तुमच्यासारखा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच. नाव सारखं आहे, गोळीची जाडीही जवळपास सारखी आहे, पण काडतूस वेगळं. रिव्हॉल्वरचं जे आहे ते स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं डिझाईन, त्याची पुंगळी, म्हणजे गोळीमागचं पितळी नळकांडं, साधारण २३ मिलिमीटर लांब आणि बुडाला जाड कडा, त्या कडेवरच ते सिलिंडरमध्ये टेकतं. पिस्तुलाचं आहे ते एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल), शस्त्रं डिझाईन करणाऱ्या ब्राउनिंगचं, १८९९ चं, पुंगळी १७ मिलिमीटर, कडा अगदी बारीक, म्हणजे मॅगझिनमध्ये, पिस्तुलाच्या मुठीतल्या काडतुसांच्या डबीत, एकावर एक नीट बसतं. लांब काडतूस पिस्तुलात जाणारच नाही त्यामुळे तिथे निदान तुम्ही अडकाल तरी. खरा धोका उलटा आहे. पिस्तुलाचं आखूड काडतूस रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये बऱ्याचदा जातं आणि वाजतंही, म्हणून लोक म्हणतात चालतं की. पण त्याचा दाब जास्त असतो, रिव्हॉल्वरच्या काडतुसाची मर्यादा १५ हजार पीएसआय (दाब मोजायचं माप) आणि एसीपीची साडेवीस हजार, जुन्या रिव्हॉल्वरला हा मार सोसवेलच असं नाही. दुकानात नुसतं "३२ द्या" म्हणू नका, रिव्हॉल्वरचं का पिस्तुलाचं ते बोला आणि बॉक्सवर वाचून घ्या.

पिस्तुलाचं अजून एक सांगतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. रोज रात्री भरायचं, सकाळी काढायचं अशी सवय असेल तर तेच वरचं काडतूस परत परत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत जातं, प्रत्येक वेळी त्याच्या टोकाला ठोकर बसते आणि गोळी हळूहळू पुंगळीत आत सरकते. आत जागा कमी झाली की दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, उंचीत फरक दिसला तर ते बाजूला ठेवा.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो सेल्फ डिफेन्सला हॉलो पॉइंटच पाहिजे, साधी गोळी म्हणजे नुसती प्रॅक्टिसची. आपण काय करायचं? – निवृत्त बँक अधिकारी, गंगापूर रोड

काका, भाचा चुकीचं सांगत नाहीये, पण तो त्याच्या हत्याराबद्दल बोलतोय. तिथे बहुतेकांकडे ९ एमएम असतं, जे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य लायसन्सवर मिळत नाही. हॉलो पॉइंट म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी, शरीरात गेली की फुलासारखी उमलते, जखम रुंद होते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची शक्यता कमी होते. प्रॅक्टिसला ते लोक फुल मेटल जॅकेट वापरतात, म्हणजे शिशावर तांब्याचं अख्खं आवरण, कारण ते स्वस्त आणि मॅगझिनमधून अडखळत नाही. १९८६ साली मायामीत एफबीआयच्या माणसांची दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात एका दरोडेखोराला लागलेली गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो लढत राहिला, दोन एजंट मेले. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यावर टेस्ट ठरवली की गोळी निदान १२ इंच आत गेली पाहिजे आणि १८ च्या पुढे नको.

आता आपल्या ३२ कडे या. ९ एमएमची ताकद ४५० ते ५०० ज्यूल, ३२ पिस्तुलाची १७५ च्या आसपास, रिव्हॉल्वरची त्याहूनही थोडी कमी. हॉलो पॉइंट उमलायला वेग लागतो. ३२ च्या वेगाला ती बऱ्याचदा उमलतच नाही, आणि उमलली तर पुरेशी आत जात नाही. त्यामुळे या लहान बोअरमध्ये साधी भरीव गोळीच बरी असं तिकडचेही बरेच जाणकार म्हणतात, आणि मलाही ते पटतं. म्हणजे तुमच्याकडे आहे ते "नुसतं प्रॅक्टिसचं" नाही, तुमच्या हत्याराला तेच योग्य आहे.

मात्र भरीव गोळी प्लायवूडचं दार, काच, सोफा यांच्यातून सहज पुढे जाते, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये दारापलीकडे नात झोपलेली असते. कोणत्या खोलीतून कोणत्या दिशेला कधीच गोळी मारायची नाही हे आजच घरात फिरून ठरवा. शिवाय ३२ ची गोळी लागल्यावर माणूस उडून मागे पडत नाही, पडायला वेळ लागतो. दार बंद करून ११२ ला फोन लावणं हाच पहिला बचाव. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, पण तो गरजेपुरताच, पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत मारायचा नाही.

प्रश्न : आमच्याकडे उसात बिबट्या आहे, मागच्या आठवड्यात वस्तीवरून कुत्रं नेलं. लाईट रात्रीची असते त्यामुळे मोटर चालू करायला जावंच लागतं. माझ्याकडे लायसन्सचं रिव्हॉल्वर आहे, बिबट्यासाठी जड गोळी कोणती मिळेल? – निफाड तालुका

भाऊ, तुमचं पत्र वाचून मी खरंच बराच वेळ बसून राहिलो. रात्री दोनला थ्री फेज येते आणि माणूस एकटा बॅटरी घेऊन उसाच्या कडेने जातो, ही भीती खोटी नाही. दिवसा वीज मिळाली असती तर तुमचं निम्मं पत्र लिहायची वेळच आली नसती.

पण उत्तर स्पष्ट देतो. अशी गोळी ३२ मध्ये नाही. परदेशात अस्वलांच्या जंगलात लोक ४४ मॅग्नम नाहीतर १० एमएम घेऊन जातात, त्यात कडक शिशाची सपाट टोकाची जड गोळी भरतात, जी न उमलता हाडातून खोलवर जाते. ४४ मॅग्नमची ताकद हजार ज्यूलच्या वर, तुमच्या रिव्हॉल्वरच्या सहापट तरी. आणि तरीसुद्धा तिकडचे जंगलवाले मिरचीचा स्प्रे जवळ ठेवा म्हणतात, कारण अंधारात अंगावर येणाऱ्या जनावराला हातातल्या छोट्या हत्याराने नेमकं मारणं जवळपास अशक्य. ३२ ने बिबट्या मरायचा नाही, जखमी होईल, आणि जखमी बिबट्या उसात बसला की उद्या सकाळी तोडणीला येणाऱ्या बायाबापड्यांवर संकट. शिवाय तुमच्या गोळीचा अंधारात पुढे कुठे शेवट होणार, शेजारच्या वस्तीवरच ना.

कायदाही समजून घ्या. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ मध्ये खरोखर जीव वाचवताना जनावर जखमी झालं किंवा मेलं तर गुन्हा नाही असं आहे, पण ते खरोखरच जिवावर बेतलं होतं का याची चौकशी होणारच. पळवून लावायला हवेत बार काढला तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग करायचं काय. एकट्याने जाऊ नका, दोघं जा. मोठी बॅटरी, हातात घुंगराची काठी, मोबाईलवर मोठ्याने गाणी नाहीतर बोलत जा, बिबट्याला माणूस येतोय हे आधी कळलं की तो सहसा बाजूला होतो. मोटरपाशी खाली बसून काम करू नका, बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. स्टार्टरभोवतीचं गवत १५-२० फूट साफ ठेवा, तिथे एक दिवा लावा, शक्य असेल तर ऑटो स्टार्टर बसवा म्हणजे जाणंच टळेल. कुत्री, शेळ्या रात्री बंदिस्त. मुलांना संध्याकाळनंतर अंगणात एकटं सोडू नका. तोडणीत बछडे सापडले तर हात लावू नका, आई रात्री परत येते. आणि वनखात्याला १९२६ वर फोन करा, एकदा नाही, ग्रामपंचायतीच्या पत्रासकट परत परत.

रिव्हॉल्वर त्या वेळी कपाटातच राहू द्या. चिखलात, अंधारात, एका हातात बॅटरी असताना ते स्वतःच्याच पायावर सुटायची शक्यता जास्त.

प्रश्न : आम्ही हरिहर, कळसूबाई, भंडारदरा ट्रेकला जातो. लायसन्स आहे तर पिस्तूल सोबत ठेवलं तर चालेल का? – ट्रेकर ग्रुप, इंदिरानगर

नको. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेणं वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ नुसार मना आहे. आणि तिथे तुमच्यावर येईल ती मधमाशी, घसरडी पायरी नाहीतर ऊन, यातल्या कशालाच गोळी लागत नाही. परफ्यूम लावू नका, पोळ्याखाली आवाज करू नका, धूर करू नका, पाणी जास्त घ्या.

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे, पॉइंट टू टू स्पोर्ट्स पिस्तूल शिकतेय. हाय व्हेलॉसिटी घेतलं तर गोळी सरळ जाईल का? – विद्यार्थिनी, कॉलेज रोड

बेटा, उलट. २५ मीटरला स्टँडर्ड व्हेलॉसिटीच घे. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपास किंवा पुढे जाते आणि त्या सीमेवर ती डळमळू शकते, झटकाही जास्त बसतो, दुसरा शॉट उशिरा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझ्या पिस्तुलाला कोणता लॉट आवडतो ते शोध. दोन-तीन लॉटची थोडी थोडी घे, पिस्तूल टेकवून प्रत्येकाचे दहा शॉट एका कागदावर मार, भोकांचा घोळका मोज, सगळ्यात छोटा घोळका ज्याचा तो लॉट तुझ्या मॅचसाठी ठेव. आणि कोचना विचारल्याशिवाय रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबू नकोस, यात पिन पुंगळीच्या कडेवर मारते, पुंगळी नसली की चेंबरच्या कडेला खाच पडते. पिवळा डमी राऊंड मिळतो तो घाल. मोजलेले कागद तारीख टाकून मला पाठव, बघून सांगतो.