व्हिडिओ समजतो, मग वही कोरी का?

“शाळा आहे, शिवाय ऑनलाइन क्लास लावलाय. दोन्हीकडे शिकतो, मग पेपरात होतं काय?” दहावीच्या पालकांकडून हा प्रश्न मी दरवर्षी ऐकते. त्यामागोमाग ठरलेला दुसरा प्रश्न असतो, “मोबाइल काढूनच घेऊ का?”

अशाच एका आईसोबत आलेला मुलगा पहिल्या बैठकीत एवढंच म्हणाला, “मला सगळं समजतं.” तो खोटं बोलत नव्हता. भूमितीतला चक्रीय चौकोन, म्हणजे चारही कोपरे वर्तुळावर असलेला चौकोन, काढायला सांगितला, त्याने झटकन काढला. संमुख कोनांची बेरीज 180 अंश, हेही सांगितलं.

“का बरं 180?”

“व्हिडिओत दाखवलं होतं.”

आंतरलिखित कोन, म्हणजे शिरोबिंदू वर्तुळावर असलेला कोन, समोरच्या कंसाच्या निम्मा असतो, हे त्याला माहीत होतं. संमुख कोनांचे दोन कंस मिळून पूर्ण वर्तुळ होतं, 360 चे निम्मे 180. एवढी एक उडी त्याची त्याला कधी मारावीच लागली नव्हती. स्क्रीनवरच्या सरांनी दरवेळी मारून दाखवली होती.

तिसऱ्या बैठकीत मी विचारलं, “वर्गात सर शिकवतात तेव्हा मनात काय चालू असतं?”

“हे रात्री व्हिडिओत बघता येईल.”

“आणि रात्री व्हिडिओ बघताना?”

“उद्या सर घेतीलच की...” म्हणता म्हणता तो थांबला आणि स्वतःच हसला. आईच्याही लक्षात आलं. दोन शिक्षक होते खरे, पण त्याच्यापुरता प्रत्येक जण दुसऱ्याची सबब होता. हे त्याला मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन तेच केलं असतं. म्हणून उत्तर माहीत असूनही मी प्रश्नच विचारत राहते.

पुढचं काम दोन्हींची कामं वेगळी करण्याचं. आधी वेळापत्रक जुळवलं, कारण क्लास तिसऱ्या प्रकरणावर आणि शाळा पहिल्यावर असेल तर दोन्हींचा मेळ बसतच नाही. शाळेत उद्या जे होणार, तेवढाच भाग आदल्या संध्याकाळी बघायचा. दहा-बारा मिनिटं, एकाच शिक्षकाचा. तीन जणांचे बघितले की आकृतीतली अक्षरंही बदलतात आणि गोंधळ वाढतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपवर स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य मिळतं, शोधाशोधीत अर्धा तास जात नाही. व्हिडिओ आधीच उतरवून घ्यायचा आणि फोन फ्लाइट मोडवर. सिद्धतेत पुढची पायरी येण्याआधी थांबवून ती वहीत लिहायची, चुकली तरी चालेल.

मग फोन दुसऱ्या खोलीत. कोऱ्या कागदावर पाच मिनिटं आठवेल ते लिहायचं. मुलं नेमकं हेच टाळतात, कारण इथे ‘समजलं’ उघडं पडतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ संपल्यावरचा आत्मविश्वास हा त्या पहिल्या पाच मिनिटांचा असतो.

जिथे अडलं, तो एकच प्रश्न समासात लिहून वर्गात न्यायचा. सरांनी न विचारता उत्तर दिलं तर उत्तम, नाही तर विचारायचं. संध्याकाळी दोन उदाहरणं व्हिडिओशिवाय, आणि तीन दिवसांनी त्यातलंच एक पुन्हा.

पहिल्या आठवड्यात गाडी घसरली. रात्री साडेदहाला, दुप्पट वेगाने बघणं चालू होतं आणि समासात ‘सगळं समजलं’ लिहिलेलं. मी आईला रागवू नका म्हटलं, फक्त वेळ सातची करा. तिसऱ्या आठवड्यात समासात लिहिलेलं होतं: ‘स्पर्शिका त्रिज्येला लंबच का, तिरपी का नाही?’ सरांनी त्यावर अर्धा तास वर्गात घालवला म्हणे.

इतिहासाचे व्हिडिओ तो अजून दुप्पट वेगानेच बघतो. तेवढं मी सोडून दिलंय.