नानजिंगचा जांभळा डोंगर: पहिल्यांदा जाताना

उंची जेमतेम 448 मीटर, म्हणून झिजिनशान, म्हणजे चीनमधल्या नानजिंगचा हा जांभळा डोंगर, दोन तासांत उरकेल असं समजू नका. डोंगर लहान आहे, पण ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत. पूर्ण दिवस ठेवा.

वार आधी बघा. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांची इथली समाधी सोमवारी बंद असते. तिकीट नाही, पण आधी नोंदणी लागते आणि सोबत मूळ पासपोर्ट हवा. नवखे परत फिरतात ते बहुतेक इथेच.

मेट्रोची 2 नंबरची लाइन धरा. मूशूयुआनला उतरलात तर मिंग शियाओलिंग ही शाही कबर जवळ, श्यामाफांगला उतरलात तर सन यत्-सेन समाधी. मी म्हणेन, सकाळी समाधीपासून सुरुवात करा: 392 पायऱ्या, वर सावली जवळपास नाही आणि नानजिंगचा उन्हाळा दमट, घामटा काढणारा. वर पोहोचल्यावर मागे वळून बघाच. खालून नुसत्या पायऱ्या दिसतात, वरून मात्र सपाट टप्पेच दिसतात. आखणीच तशी आहे.

मग झाडीतून मिंग शियाओलिंगकडे या. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाची ही कबर 2003 पासून जागतिक वारशात आहे. इथे तिकीट लागतं. दगडी प्राण्यांच्या 12 जोड्यांचा रस्ता घाईत टाळू नका. प्रत्येक प्राण्याची एक जोडी उभी, एक बसलेली.

फेब्रुवारीअखेर ते मार्च प्लमचा बहर असतो, गर्दीही तेवढीच. शनिवार-रविवार टाळा.