तेलाच्या देशात ऊन साठवायची गरज काय?

तुमचा प्रश्न असा की अमिरातीकडे एवढं तेल असताना सौरऊर्जा साठवण्यावर पैसा कशाला घालायचा आणि रात्री ती वीज मिळते तरी कशी. मी दुबईत डिस्ट्रिक्ट कूलिंगच्या प्लांटवर आहे, म्हणजे एकाच ठिकाणी पाणी थंड करून ते पाइपांनी इमारतींच्या एसीला पुरवायचं. त्यामुळे विजेचा हा हिशेब रोज डोळ्यांसमोर असतो.

इथली वीज तेलावर नाही, मुख्यतः नैसर्गिक वायूवर बनते. त्यातला बराच वायू २००७ पासून समुद्राखालच्या पाइपलाइनने कतारहून येतो. त्यामुळे तो वाचवणं भागच आहे. आणि ऑगस्टमध्ये इथे मध्यरात्रीसुद्धा उकाडा हटत नाही. सूर्य मावळला की पॅनेल थांबतात, एसी चालूच राहतात.

दुबईच्या सोलर पार्कात यावर मिठाचा उपाय केलाय. खायचं मीठ नव्हे, सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण. हजारो आरसे २६० मीटरहून उंच टॉवरच्या टोकावर ऊन एकवटतात, वितळलेलं मीठ ५६५ अंशांपर्यंत तापतं आणि टाकीत साठतं. रात्री त्याच उष्णतेवर वाफ करून टर्बाइन फिरवतात. टॉवरची साठवण १५ तासांची आहे. मात्र २४० अंशांच्या आसपास हे मीठ गोठू लागतं, म्हणून पाइपांवर हीटर बसवून ते गरम ठेवावे लागतात.

दुसरा उपाय पाण्याचा. दुबईच्याच हत्ता भागातल्या डोंगरात पंप्ड स्टोरेज प्रकल्प आहे, म्हणजे जादा विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. तो २५० मेगावॉटचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या घाटघर प्रकल्पाएवढाच. साठवण ६ तासांची.

पण माझ्या मते यापुढचा काळ बॅटरीचा आहे. अबू धाबीने जानेवारी २०२५ मध्ये ५.२ गिगावॉट पॅनेल आणि १९ गिगावॉट-तास बॅटरी असा प्रकल्प जाहीर केला. एवढं सगळं कशासाठी, तर चोवीस तास अखंड १ गिगावॉट वीज मिळावी म्हणून! रात्रीच्या विजेची खरी किंमत या आकड्यांत दिसते. त्यात लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, तिलाही गार ठेवावं लागतं. अबू धाबीत २०१९ पासून असलेल्या सोडियम-सल्फर बॅटऱ्या मुळात ३०० अंशांच्या आसपासच चालतात, त्यामुळे बाहेरच्या उन्हाचा त्यांना फारसा जाच नाही.

एका साठवणीकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, ती म्हणजे थंड पाणी. अशा टाकीत तळाला ५ अंशांच्या आसपासचं पाणी, वर १३ अंशांचं आणि मधे पातळसा थर. तो थर ढवळला गेला की साठवलेली थंडी वाया, म्हणून पाणी अगदी संथपणे आत सोडतात. या टाक्या रात्री भरून दुपारी वापरायच्या, ही जुनी पद्धत. आता दुपारी ऊन भरपूर आणि वीज बनवायला स्वस्त, तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारी यंत्रं, तेव्हाच पळवावेत आणि संध्याकाळी थांबवावेत, असं मला मनापासून वाटतं. टाक्या बांधलेल्याच आहेत. दुपारच्या विजेचा दर तेवढा कमी केला, तर आमच्यासारखे प्लांट आपणहून वेळा बदलतील.