कोल्हापुरात छोटं मशीन शॉप काढतोय, धंद्यातला मार्गदर्शक कसा शोधू?

आधी एक सांगतो, 'माझे मेंटॉर व्हाल का?' असं कुणाला विचारू नका. समोरचा दचकतो. एक नेमका प्रश्न घेऊन जा.

मी लेथवर जॉबवर्क सुरू केलं तेव्हा उद्यमनगरातल्या एका जुन्या कारखानदारांकडे माझं कोटेशन घेऊन गेलो होतो. चहा येईपर्यंत त्यांनी कागद वाचला, पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, "टूल इन्सर्टचा खर्च कुठाय? आणि पैसे किती दिवसांनी येणार?" इन्सर्ट म्हणजे लेथच्या हत्याराचं झिजणारं, बदलावं लागणारं टोक. दोन्ही मी धरलंच नव्हतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर कायद्यानं जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात पहिल्याच गिऱ्हाइकानं मला चार महिने फिरवलं. (तेव्हा माझी नोंदणीही नव्हती, म्हणजे चूक माझीच.)

अशी माणसं उद्यमनगरात, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत भेटतील. तिथल्या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांना जा, मागच्या रांगेत बसून निघून येऊ नका. कर्ज-योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहेच, पण तिथं कागदपत्रं कळतात, धंदा नाही.

शक्यतो तुमच्याच गिऱ्हाइकांवर डोळा नसलेला माणूस निवडा. फौंड्रीवाला चालेल, शेजारचा लेथवाला जरा जपून. आणि सल्ला घेतलात की महिन्याभरानं काय झालं ते सांगायला परत जा. बहुतेक पोरं तेवढंच करत नाहीत.