दुसऱ्या बाळाचं ठरवताना

अगं, पहिल्या बाळात जन्मजात दोष निघाला, आता दुसरं होऊ द्यावं का, हाच प्रश्न ना तुझा? सासूबाई म्हणतात म्हणून घाई नको, अन् शेजारीण घाबरवते म्हणून अडूनही बसू नको. माझ्या थोरल्याला स्पायना बिफिडा, म्हणजे पोटात असतानाच पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष. त्याची जाडजूड फाईल भाजीच्या पिशवीत कोंबून आम्ही नागपूरच्या बर्डीवरून ऑटोने जेनेटिक काउन्सेलिंगला, म्हणजे जन्मजात दोषांबद्दल सल्ला देतात तिथे गेलो. पुन्हा तसंच होण्याची शक्यता शंभरात साधारण 3-4, असं कळलं. मी तर निम्मी धरून बसले होते! तुझ्या बाळाचा दोष वेगळा असेल तर आकडाही वेगळा, म्हणून आधी नेमकं निदान कागदावर घे.

हा दोष पुन्हा होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून आमच्यासारख्यांना फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी पुरत नाही. डॉक्टर 4-5 मिलिग्रॅमची देतात, तीही दिवस राहण्याआधीपासून. कारण बाळाची मज्जारज्जूची नळी, जी अशा दोषात उघडी राहते, ती गर्भ राहिल्यावर 28 दिवसांतच मिटते, तेव्हा पाळी चुकल्याचंही धड कळलेलं नसतं.

ग्रहणात सुरी धरली होती का, असं विचारणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लाव.