पाण्याची भरलेली बाटली

प्रिय पोरी,

परवा अशोक चौकात तुझी आई भेटली. कारखान्यात विड्या देऊन घरी निघाली होती. म्हणाली, "बाई, हिची पाण्याची बाटली जशीच्या तशी परत येते. सकाळ झाली की पोट दुखतंय म्हणते." मला कळायचं ते कळलं. पाणी प्यालं की मधल्या सुट्टीत बाथरूमला जावं लागतं, आणि तिथे त्या मुली दारात उभ्या असतात. होय ना?

'हिच्या अंगाला तंबाखूचा वास येतो' म्हणून नाक दाबायचं, तुझं तेलुगू वळणाचं मराठी ऐकून खिदळायचं, याला चेष्टामस्करी म्हणत नाहीत. हा छळ आहे. धाकात बसलेल्या मुलीचे डोळे फळ्याकडे असले तरी कान मागच्या बाकाकडे असतात. रात्री झोप लागत नाही. तुझं पोटदुखीचं कारण खोटं नाही, धास्तीनं पोट खरोखर दुखतं. मार्क घसरले तेही यामुळेच, तू ढ झालीस म्हणून नव्हे.

घरी का बोलत नाहीस, तेही जाणते. 'मग शाळाच सोड' असं म्हणतील, हीच भीती. मुलगा मार खाऊन आला तर घरचे शाळेत भांडायला जातात, मुलीला मात्र घरी बसवतात. मला याचा फार संताप येतो. माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी अशीच गेली. तीन आठवडे मी हजेरीपटावर तिची गैरहजेरी मांडत राहिले. घरी गेले तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. परत आली नाही. मी पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं.

म्हणून तुला उशीर करू देणार नाही. वहीच्या मागच्या पानावर तारीख, तास, कोण काय बोललं, कुणी ऐकलं, एवढं लिहीत जा. मोबाइलवर घाणेरडे मेसेज आले तर खोडू नकोस. ती वही घेऊन तुझा विश्वास असलेल्या बाईंकडे जा. २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिच्याकडे लेखी तक्रार दे. 'तूच तुकडी बदलून घे' म्हणाले तर हो म्हणू नकोस. शाळेने उडवून लावलं तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन कर, रात्री-अपरात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं तर त्याच क्षणी आईला उठव, किंवा १४४१६ लाव. ती टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन; तिथे मराठीत बोलता येतं.

आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी ये, दोघी मिळून सांगू. येताना वही आण.

तुझ्या बाई